मांडे करणारा हात

"बाही खाले कर व माय, पाव्हना येतीन," मावशी म्हणाली आणि भाचीने पटकन बाही ओढून घेतली.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. चुलीवर खापर तापलेलं, पोरगी दोन्ही हातांवर मांडा फिरवत होती. मनगटाच्या वर खापर लागून भाजल्याचा व्रण. गुलाबी, चकचकीत, जरासा उंच. तेवढ्या जागेत लव अशी नाहीच.

मला तो हात झाकायला लावणंच खटकलं. कातडी खोलवर भाजली की शरीर घाईघाईने कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे टाकून जागा बुजवतं. एरवी ते धागे जाळीसारखे गुंतलेले असतात, व्रणात बहुतेक एकाच दिशेने. म्हणून तो ताठ लागतो. केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी तिथे सहसा परत येत नाहीत. डागडुजी वर्षभर, कधी त्याहून जास्त चालते, तरी मूळ कातडीच्या साधारण ८० टक्केच ताकद येते. केवढं काम करतं शरीर!

पोरगी त्यावर लिंबू चोळत होती. नका चोळू. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल रोज, काही महिने, आणि आपल्याकडच्या उन्हापासून जपणं. उंच व्रणात त्वचारोगतज्ज्ञ स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. जखमेची हद्द ओलांडून वाढला तर तो केलॉइड, नुसता कापला तर बरेचदा परत येतो. व्रण पूर्ण पुसला जात नाही, पण मऊ आणि फिका होतो.

तुमच्या घरी भाजल्याबरोबर काय करतात? टूथपेस्ट की २० मिनिटं वाहतं साधं पाणी?