इंग्लिश हॉर्नची पाऊण तासाची मैफल: माझा अनुभव

उत्तर इंग्लंडमधील एका हौशी वाद्यवृंदात मी दुसरा ओबो (सनईसारखे एक पाश्चात्त्य सुषिर वाद्य) वाजवतो आणि एखाद्या रचनेत इंग्लिश हॉर्न, म्हणजे ओबोचाच लांब आणि खालच्या सुराचा भाऊ, असला की तो ओघानेच माझ्याकडे येतो. वाद्यवृंदात या वाद्याचे काम ठरल्यासारखे असते: बराच वेळ स्वस्थ बसायचे, एक संथ, उदास धून वाजवायची आणि पुन्हा गप्प व्हायचे. द्वोर्झाकच्या १८९३ सालच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीतील लार्गो, म्हणजे संथ भाग, हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्यामुळे गावातील चर्चने आपल्या दुपारच्या विनामूल्य मैफलींपैकी एक मला देऊ केली, तेव्हा तो लार्गो कार्यक्रमात घ्यायचाच नाही, हे मी सर्वांत आधी ठरवून टाकले.

रचना निवडताना फार मोठा साठा हाताशी नव्हता. पियानोसाठी किंवा व्हायोलिनसाठी जेवढे लिहिले गेले, त्याच्या तुलनेत इंग्लिश हॉर्नसाठीचे चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वादकांसाठीच्या रचना, मूठभरच आहे. पण त्यात विविधता पुष्कळ आहे. १७९०च्या दशकात व्हिएन्नामध्ये दोन ओबो आणि एक इंग्लिश हॉर्न अशा त्रिकुटाला चांगली मागणी होती आणि तरुण बेटहोवनने त्यासाठी मोत्सार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’तील युगुलगीतावर आठ व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धुनीची बदलती रूपे, लिहिली. त्यांत इंग्लिश हॉर्न प्रामुख्याने खर्जाची बाजू सांभाळतो, उड्या मारतो, मध्येच वरच्या दोघांशी थट्टामस्करीही करतो. उदासपणाचा तेथे मागमूस नाही, म्हणून सुरुवात याच रचनेने करायची ठरली. वाद्यवृंदातील दोन ओबोवादक मैत्रिणी आनंदाने तयार झाल्या.

त्यानंतर जर्मन संगीतकार हिंडमिथचा १९४१ सालचा सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना) घेतला. बहुतेक सर्व प्रमुख वाद्यांसाठी पियानोच्या साथीने एकेक सोनाटा लिहिण्याचा उद्योग त्याने त्या काळात चालवला होता आणि त्यातूनच इंग्लिश हॉर्नला हा सोनाटा लाभला. सहा भाग न थांबता एकामागून एक येतात आणि संथ व जोरकस अशा दोन कल्पना आलटूनपालटून रूप बदलत राहतात. माझ्या मते या वाद्यासाठी लिहिलेली ही सर्वांत विचारी रचना आहे, मात्र पहिल्याच ऐकण्यात ती मोहून टाकत नाही. हिंडमिथचे निधन १९६३ साली झाले, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याच्या संगीताचे हक्क अजून शाबूत आहेत. छापील प्रती विकत घेणे आणि वाजवणार असलेल्या रचनांची यादी चर्चच्या कार्यालयात देणे ही कामे मी सुरुवातीलाच उरकली. अखेरीस दोनित्सेत्तीने १८१६ साली, बोलोन्यात शिकत असताना लिहिलेला कॉन्चेर्तिनो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची छोटी रचना, येथे पियानोच्या साथीसह. इटालियन गायिकेने गळ्यातून काढाव्यात अशा ताना त्यात लाकडी नळीतून काढाव्या लागतात.

कागदावर कार्यक्रम नेमका बसला. कस लागला तो श्वासाचा. इंग्लिश हॉर्नच्या दुहेरी रीडची, म्हणजे ओठांत धरायच्या बोरूच्या दोन पातळ पात्यांमधली, फट इतकी अरुंद असते की वादकाला हवा कमी पडत नाही, उलट ती उरते. छातीत वापरलेली हवा कोंडून राहते आणि नवी घेण्याआधी जुनी बाहेर टाकावी लागते. सनईवादक गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवतात. ते तंत्र मला चार-दोन स्वरांपुरतेच साधते. म्हणून मी स्वरलिपीवर दोन वेगळ्या खुणा केल्या, एक श्वास सोडण्याची आणि दुसरी घेण्याची, आणि हिंडमिथचा सोनाटा कित्येक दिवस या खुणांसह नुसता मोठ्याने मोजत म्हटला. वाद्यवृंदातील एकल धून आटोपली की ओठांना विश्रांती मिळते. येथे ती आपणच योजावी लागते. दोन रचनांच्या मधे श्रोत्यांशी चार वाक्ये बोलण्याची कल्पना मुळात ओठांसाठी होती, माहिती देणे हा त्याचा जोडलाभ.

रीड मी स्वतः तासतो. त्यासाठीचा बोरू प्रामुख्याने दक्षिण फ्रान्समधून येतो आणि इंग्लिश हॉर्नसाठी तो ओबोपेक्षा रुंद लागतो. रीडची धातूची नळी थेट वाद्याच्या वाकड्या नळीवर, म्हणजे बोकलवर, बसते. बेटहोवनमधील खालच्या उड्यांना सहज बोलणारी रीड दोनित्सेत्तीच्या वरच्या स्वरांवर बारीक पडते, तर वरच्या स्वरांना धरून ठेवणारी रीड खाली घशात अडकल्यासारखी वाटते. दोन रचनांसाठी दोन वेगळ्या रीड वापराव्यात, असे एका व्यावसायिक वादकाने सुचवले होते. परंतु भर मैफलीत रीड बदलली की ओठांना नव्याने ओळख करून घ्यावी लागते, म्हणून मी मधली वाट काढणारी एकच रीड निवडली आणि दुसरी पाण्यात भिजवून शेजारी ठेवली.

चर्चमधील थंडीचा विचार वेगळा करावा लागला. लाकूड गार असले की सूर उतरतो आणि पियानो काही आपल्यासाठी खाली येत नाही. बोकल वेगवेगळ्या लांबीचे मिळतात. त्यांतील आखूड बोकल लावल्यावर पियानोशी सूर जुळला. गार लाकडात एकदम गरम श्वास फुंकला तर ते तडकण्याची भीती असते, त्यामुळे वाद्य वाजवण्याआधी बराच वेळ कोटाखाली धरून बसलो. श्वासाचे पाणी स्वरछिद्रांत साचते, ते टिपण्यासाठी सिगारेटचा पातळ कागद स्टँडवर होताच. साथीदार पियानोवादकाने झाकण अगदी थोडेसेच उघडले, कारण हिंडमिथमध्ये पियानोचे काम इंग्लिश हॉर्नच्या बरोबरीचे आहे आणि वाद्याचा मधला, मऊ आवाज त्याखाली सहज दबतो.

प्रत्यक्ष मैफल ठरल्या वेळेत पार पडली. बेटहोवनच्या वेळी लोक हसले, हे मला विशेष आवडले. हिंडमिथनंतर टाळ्या जपून पडल्या, दोनित्सेत्तीनंतर मोकळेपणाने. बाहेर पडताना एका वृद्ध बाईंनी लार्गो का नाही, असे विचारलेच. तो तुम्हाला कोणताही वाद्यवृंद ऐकवील, एवढेच उत्तर मी दिले. पुढच्या वेळी मी हिंडमिथला सुरुवातीला ठेवीन, श्रोते आणि ओठ दोन्ही ताजे असताना. त्याच्या जोडीला फ्रेंच संगीतकार जाँ फ्राँसेचे इंग्लिश हॉर्न, व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्यासाठीचे चतुष्टक घ्यायचे मनात आहे. त्यासाठी तीन तंतुवादक शोधण्याचे काम सध्या सुरू आहे.