बोल पाण्याला, रंग बाटलीचा

नाशिकच्या इंदिरानगर-पाथर्डी फाट्याच्या पट्ट्यात पार्लर चालवायचं म्हणजे पाण्याच्या तक्रारी रोज ऐकायच्या. बऱ्याच इमारतींत पिण्यापुरतं महापालिकेचं, म्हणजे गंगापूर धरणाचं पाणी आणि अंघोळीला बोअर. केस गळले, बोअर. राठ झाले, बोअर. कोंडा झाला तरी बोअरच. त्यातलं थोडं खरंही असतं, म्हणून मी सहसा वाद घालत नाही.

त्या दिवशी मात्र एकाच घरातल्या तिघी एकदम आल्या. निवृत्त शिक्षिका असलेल्या आजी, त्यांची सून आणि कॉलेजात जाणारी नात. आजींचे केस मी आधी पाहिलेले होते. निवृत्तीनंतर त्यांनी डाय बंद केला होता आणि डोकं शुभ्र पांढरं झालं होतं, इतकं देखणं की दुसऱ्या गिऱ्हाइकांना मी त्यांचं उदाहरण द्यायचे. आता तेच केस पिवळट तपकिरी दिसत होते. नातीचे काळेभोर केस पुढच्या बाजूला तांबूस पडलेले.

"एकाच बाथरूमचं पाणी," सून म्हणाली. "ह्यांनी शॉवरला लावायचा महागडा फिल्टर बघून ठेवलाय. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

आजींनीही लगेच री ओढली. "पंचवटीत होतो तोवर सगळा जन्म गंगेच्या पाण्यावर गेला. केसांना काही झालं नाही बघ." नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी.

मला तिथंच खटकलं. एकच पाणी पांढऱ्या केसांवर रंग चढवतं आणि काळ्या केसांचा रंग उतरवतं, हे कसं काय?

पाण्यात लोह जास्त असेल तर पांढरे केस पिवळट पडू शकतात. तांबं असेल तर हिरवट झाक येते. म्हणून विचारलं, बादलीवर तांबूस थर येतो का? सून म्हणाली, "छे, पांढरा क्षार. नळाच्या तोंडाला खडूसारखा." म्हणजे जड पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. त्यानं केस निस्तेज आणि राठ होतात, तपकिरी होत नाहीत.

मग आजींचे केस भांग पाडून नीट पाहिले. उन्हानं पांढरे केस पिवळे पडतात तेव्हा वरचे आणि पुढचे जास्त पडतात, मानेजवळचे झाकलेले केस बरे राहतात. इथं उलट होतं. टाळूलगत, कानामागे, मानेवर रंग सगळ्यात गडद. जे काही होतं ते टाळूवर चोळलं जात होतं.

सुनेला म्हटलं, घरी जा आणि बाथरूममधल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून आणा. ती अर्ध्या तासात आली. पिशवीत काय नव्हतं! प्रत्येक तेलाचा एकेक थेंब मी पांढऱ्या टिश्यूवर टाकला. खोबरेल पारदर्शक. आवळ्याच्या नावानं विकलं जाणारं तेल हिरवंगार, आणि हा हिरवा आवळ्याचा नव्हे, घटकांच्या यादीत शेवटी रंगाचं नाव स्पष्ट होतं. मग एक औषधी शाम्पू निघाला. टोपण काढलं आणि डांबराचा वास नाकात गेला. यादीत पहिल्याच ओळीत कोल टार, म्हणजे दगडी कोळशाचं डांबर.

"ते डॉक्टरांनी दिलंय," आजी म्हणाल्या. "डोक्यात खवले धरले होते. चांगला गुण आला, म्हणून वापरतेच आहे. आठवड्यातून दोनदा सांगितलं होतं, मी रोज लावते."

कोल टार खवल्यांवर जुनं आणि कामाचं औषध आहे. पण ते पांढऱ्या, पिकलेल्या किंवा ब्लीच केलेल्या केसांवर डाग धरतं. काळ्या केसांवर तो दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पिकलेल्या केसात स्वतःचा रंगच नसतो, त्यामुळे वरून काहीही लावा, ते उघड दिसतं. आवळा लोखंडी कढईत भिजवून आपल्या आज्या केस काळे करायच्या, तेही याच न्यायानं. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह मिळून काळा रंग धरतो.

औषध बंद करा असं सांगणं माझं काम नव्हे. मी त्यांना डॉक्टरांना फोन करायला लावला. त्यांनी रोज लावण्याबद्दल आजींना फैलावर घेतलं आणि दुसरा शाम्पू लिहून दिला. मी केस खोल साफ करणाऱ्या शाम्पूनं धुतले, रंग थोडा उतरला. उरलेल्या पिवळेपणावर जांभळा शाम्पू सुचवला, कारण जांभळा रंग पिवळ्याला मारतो.

"आणि जांभळी म्हातारी झाले तर?"

"जास्त वेळ ठेवलात तर व्हाल," मी म्हटलं. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खुर्चीवरची बाई वळून बघायला लागली.

राहिली नात. ती आरशातून मला डोळ्यांनी विनवत होती. केस मुळाशी काळे, पुढच्या बटाच लाल. पिशवीत तिची बाटली नव्हतीच. मी गप्प बसणार होते, पण आजीच म्हणाल्या, "अगं, फ्रीजमागं लपवायचीस तो फवारा दाखव ना हिला."

पोरगी उठून स्कूटरच्या डिकीतून बाटली घेऊन आली. लेबलवर लिंबाच्या फोडी आणि कॅमोमाइलची फुलं, 'नैसर्गिक उजळपणा' वगैरे. मागच्या बारीक अक्षरांत हायड्रोजन पेरॉक्साइड. ती ते फवारून वर ड्रायर मारत होती, आणि उष्णतेनं पेरॉक्साइड जोर धरतं. ते केसाच्या आत शिरून तिथलं मेलॅनिन, म्हणजे केसाचा मूळ रंगच मोडतं. काळे केस उजळताना एकदम सोनेरी होतही नाहीत, आधी तांबूस, मग केशरी.

"धुऊन जाईल ना?"

आजींच्या केसांवर वरून डाग बसला होता, तो उतरेल. हिचा आतला रंग गेला होता. केस मुळाशी वाढतो, महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर, आणि वर आलेल्या केसात नवा रंग भरत नाही. ती म्हणाली, मग काळा डाय लावा. मी म्हटलं, पीपीडी, म्हणजे काळ्या डायमधलं अॅलर्जी आणू शकणारं रसायन, असलेला डाय लावायचा तर आधी कानामागे थोडा लावून पॅच टेस्ट, 48 तास थांबायचं. तिला तेवढा धीर नव्हता. खांद्यापर्यंत कापून घेतले आणि लाल बटा तशाच ठेवल्या. आता वर्गातल्या मुली तिला विचारतात, कुठल्या पार्लरमधून केलास, आणि ती बिनदिक्कत माझं नाव सांगते.