आधी स्पीकर, मग अ‍ॅम्प

"ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायरच घे, आवाजात ऊब असते," मित्र आज ठामपणे म्हणाला. स्पीकर कोणते आहेत, हे मात्र त्याने विचारलंच नाही.

तेच दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. ३००बी या व्हॅक्यूम ट्यूबचा सिंगल-एंडेड (आउटपुटला एकच ट्यूब असलेला) अ‍ॅम्प जेमतेम ८ वॅट देतो. ९८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) हॉर्न स्पीकरला तेवढे भरपूर झाले. पण ८५ डेसिबलच्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरला तेवढाच आवाज काढायला साधारण २० पट पॉवर लागते! तिथे ट्रान्झिस्टरवर चालणारा सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पच हवा.

शिवाय ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (विद्युत प्रवाहाला होणारा अडथळा) सहसा जास्त. त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स वर-खाली होतो तिथे टोनही बदलतो, बेस जरा सैल पडतो. मला तो आवाज आवडतो, अगदी मनापासून. पण योग्य जोडीदार असेल तरच.

तुम्ही अ‍ॅम्प निवडताना स्पीकरच्या माहितीपत्रकातला सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघता का?