खोळ

आमच्या लहानपणीच्या सोफ्याचा खरा रंग कोणता, ते मला विचारू नका. तो मी दोनदाच पाहिला. एकदा ताईला बघायला मंडळी आली तेव्हा, आणि एकदा खोळ धुवायला टाकली असताना. एरवी सोफा म्हणजे खोळच. जपून जपून शेवटी तो आतल्या आत कुजला, आणि भंगारवाल्याला दिला तेव्हाही खोळ आईनं काढून ठेवून घेतली.

हे आठवायला निमित्त झालं वॉशिंग्टनमधलं एक घड्याळ. मावसभावाकडे गेलो होतो, तर मावशीला घेऊन रेन्विक गॅलरी नावाच्या कलासंग्रहालयात गेलो. एके ठिकाणी पुरुषभर उंचीहून मोठं घड्याळ पांढऱ्या चादरीनं झाकून, कमरेला दोरी आवळून उभं केलेलं. खालून तपकिरी पाया तेवढा डोकावत होता.

"अजून आवरलेलं दिसत नाही यांचं," मावशी पुटपुटली. "आपणच लवकर आलो का रे?"

मी पाटी वाचली. 'घोस्ट क्लॉक', १९८५, वेंडेल कॅसल. होंडुरासची महोगनी. म्हणजे चादर नाहीच! चुण्या, दोरी, गाठ, सगळं कोरलेलं लाकूड. चादरीचा भाग तेवढा ब्लीच करून पांढरा केलेला. आत घड्याळही नाही.

हा कॅसल अमेरिकेतल्या कॅन्ससचा, फर्निचर घडवणारा कलावंत, जन्म १९३२चा. औद्योगिक डिझाइन आणि शिल्पकला दोन्ही शिकलेला. आपला सुतार पाय वेगळे करतो, बैठक वेगळी, मग सांधे जुळवतो. यानं ती वाटच सोडली. फळीवर फळी चिकटवत जायची, शिकंज्यात आवळायची, असा ओबडधोबड ढीग झाला की चेनसॉ घेऊन त्यातून खुर्ची बाहेर काढायची. मग पटाशी, मग घासणं. त्यामुळे त्याच्या लाकडी खुर्चीत पाय कुठे संपले आणि बैठक कुठे सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही. फायबरग्लासची एक खुर्ची तर त्यानं चक्क दाढेच्या आकाराची केली. (माझा दाढेशी जो काही संबंध आला तो रात्र जागवणारा, त्यामुळे तीवर बसायची इच्छा नाही.) म्हातारपणी कोरायला रोबो आणला. २०१८ साली गेला.

खरी, चालणारी घड्याळंही त्यानं केली होती. मला हे न चालणारंच आवडलं. ही खोळ पाहुणे आले तरी निघणार नाही, आणि आत कुजायलाही काही नाही.

मावशीला सगळं समजावून सांगितलं. तिला ते पटलं नसावं, कारण तिचा हात गाठीकडे निघाला. रखवालदार खाकरला. तिनं हात पदराखाली घेतला आणि मला हळूच विचारलं, "अरे, पण मग ही धुवायची कशी?"