दोरी अंगणात, हुक मात्र भिंतीत

मी कॅलिफोर्नियात घरमालक संघटनांच्या, म्हणजे एचओएंच्या, व्यवस्थापनाचं काम करतो. फ्रीमाँटच्या एका टाउनहाउस वसाहतीत मागच्या अंगणात कपडे वाळत घातले म्हणून एका मालकीणबाईंना सुनावणीची नोटीस गेली होती. नोटिशीला आधार होता सीसीअँडआरमधल्या, म्हणजे काउंटीकडे नोंदवलेल्या मूळ नियमावलीतल्या, १९८०च्या दशकातल्या एका वाक्याचा: बाहेर कपडे वाळत घालायला पूर्ण बंदी.

सुनावणीआधी टेप घेऊन जागेवर गेलो, कारण अशा प्रकरणात दोरी नेमकी कुठे आहे यावर सगळं ठरतं. अंगण फक्त त्या घराच्या वापराचं आणि भोवती सहा फुटी कुंपण. दोरी सहा मीटर लांब. एक टोक घराच्या भिंतीतल्या हुकाला, दुसरं सामाईक कुंपणाच्या खांबाला. तक्रार शेजारच्या वरच्या मजल्यावरून आली होती. रस्त्यावरून काहीच दिसत नव्हतं.

संध्याकाळी संघटनेच्या बोर्डापुढे मी कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचं कलम ४७५०.१० ठेवलं. १ जानेवारी २०१६पासून ते लागू आहे. मालकाच्या स्वतंत्र वापराच्या मागच्या अंगणात दोरी किंवा स्टँड वापरायला जो नियम मनाई करतो किंवा अवाजवी अडथळा आणतो, तो रद्दबातल ठरतो. एका सदस्यांचं म्हणणं, आमची नियमावली रीतसर नोंदवलेली आहे. नोंदणीने इथे फरक पडत नाही. नोंदवलेला नियमसुद्धा रद्दबातलच. दंडाचा विषय तिथे संपायला हवा होता.

पण बाईंची बाजूही पूर्ण भक्कम नव्हती. त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की बाल्कनी, कठडा, छज्जा किंवा इमारतीचा कुठलाही भाग ‘दोरी’ किंवा ‘स्टँड’ या व्याख्येत बसत नाही. बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची, अनेक मराठी कुटुंबं इथेच फसतात. अपार्टमेंटच्या बाल्कनीच्या कठड्यावर साडी टाकली तर हे कलम मदतीला येत नाही. भाडेकरूंसाठी वेगळं कलम आहे, १९४०.२०, आणि त्यात घरमालकाची मंजुरी लागते.

या वसाहतीत बाहेरच्या भिंतींची देखभाल संघटनेकडे आहे, आणि बाईंचा हुक तशाच भिंतीत होता. दोरीचा ताण आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. सहा मीटरच्या दोरीवर १० किलो ओले कपडे असतील आणि ती मधे फक्त १५ सेंटिमीटर झुकत असेल, तर प्रत्येक टोकावर सुमारे ५० किलोचा ओढा पडतो. झोक ३० सेंटिमीटर ठेवला की तो निम्म्यावर येतो. म्हणजे दोरी जितकी ताणून बांधावी तितका हुक उपटायचा धोका वाढतो. स्टको, म्हणजे भिंतीवरचा बाहेरचा सिमेंटचा गिलावा, साधारण २२ मिलिमीटर जाड. आतल्या लाकडी स्टडमध्ये, म्हणजे भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या लाकडात, न शिरलेला हुक हळूहळू ढिला होतो, भोक मोठं होतं आणि पावसाचं पाणी गिलाव्यामागच्या ओल अडवणाऱ्या कागदापर्यंत पोचतं. कुंपणाचा खांबही आत झुकू लागला होता.

बोर्डाने दंड सोडून दिला. बाईंनी हुक काढून भोक बुजवायचं आणि अंगणात छत्रीसारखा उघडणारा स्टँड लावायचा, असं ठरलं. त्यासाठी एक फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा. तळाशी सहा इंच खडी, नाहीतर खांबाच्या नळीत पाणी साचतं. वर ६० पौंडांच्या तीन पिशव्या काँक्रीट. खणण्याआधी किमान दोन कामाचे दिवस ८११ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनींची माहिती देणाऱ्या फोन सेवेला, कळवायचं. ते गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून देतात, पण बागेच्या पाण्याचे खाजगी पाइप त्यांच्या खुणांत नसतात. ते आपणच शोधायचे. फुटतात ते हेच.

मग निघाला नवीन नियमाचा विषय. वाजवी नियम करायची संघटनेला मुभा आहे. वापरात नसताना स्टँड मिटवा, इमारतीला काही बांधू नका, हे ठीक. एका सदस्यांनी सकाळी ९ ते ११ अशी वेळ सुचवली. मी कडाडून विरोध केला. हिवाळ्यात त्या वेळी गवतावरचं दवही सुटलेलं नसतं. जाड टॉवेल वाळणार कसा? अशी वेळ म्हणजे मागच्या दाराने बंदीच. दीडशे डॉलर अर्ज-शुल्काची सूचनाही गळली, कारण खर्च लक्षणीय वाढवणारी अट कायद्यात वाजवी ठरत नाही. उरलेला मसुदा सभासदांना २८ दिवस आधी पाठवायचं ठरलं.

सीसीअँडआरमधलं जुनं वाक्य मात्र तसंच आहे. ते काढायला सभासदांचं मतदान लागतं आणि त्याचा खर्च करायला कोणी तयार होत नाही. घर विकताना खरेदीदाराला हीच नियमावली मिळते आणि तो बंदी खरी मानून दोरी लावतच नाही. म्हणून त्या वसाहतीच्या कागदपत्रांना आता मी कलम ४७५०.१०चं पान जोडून देतो. तुम्हाला अशी नोटीस आलीच, तर सुनावणीआधी लेखी उत्तर द्या. त्यात कलमाचा आकडा घाला आणि दोन फोटो जोडा: एक कुंपणासकट अंगणाचा, दुसरा दोरीच्या दोन्ही टोकांचा.