फुलावर आलेली कोथिंबीर

मी नाशिकजवळच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवते. फेब्रुवारीत एफवायच्या पोरांचं अंबेलिफेरीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या कुळाचं प्रॅक्टिकल होतं (आता एपिएसी म्हणतात, पण तोंडात जुनंच बसलंय) आणि मटेरियलच नाही, मंडईत कोथिंबीर ढीगभर पण फुलं आलेली जुडी कोण विकणार. वर्गात विचारलं तर वर्षभर जिचा आवाज ऐकला नव्हता ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची फुलावर आलीये, भाव नाही म्हणून काढलीच नाही, उद्या पप्पा रोटर मारून मातीत गाडणारेत."

लगेच तिच्या पप्पांना फोन लावला, म्हटलं दादा एक दिवस थांबा. ते म्हणाले, "या मॅडम, तसंही काढणीची मजुरी निघत नव्हती."

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग बांधावर. पांढरं, मधेच फिकट गुलाबी रान आणि नुसती माश्यांची गुणगुण. दांड्याच्या टोकाला एकाच ठिकाणाहून छत्रीच्या काड्यांसारखे देठ फुटतात, त्या प्रत्येकावर परत छोटी छत्री, हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढतेय पण पोरांना तिथं एका मिनिटात कळलं. मी विचारलं कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या का, तर तीच मुलगी म्हणाली "लांबून माशीला दिसायला, आणि कडेची आधी उमलतात मॅडम, मी रोज बघते." मला भरूनच आलं.

मग तिच्या वडिलांनी हिरवं फळ चुरडून सगळ्यांच्या नाकाशी धरलं. ढेकणाचा वास! हेच वाळलं की धन्याचा गोड वास येतो, कारण कच्च्यातली अल्डिहाइड नावाची उग्र वासाची रसायनं कमी होतात आणि लिनालूल हे सुगंधी रसायन वाढतं. जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर, हिंग सगळं एकाच घरातलं म्हटल्यावर पोरं चाट. पण सॉक्रेटिसला इ.स.पू. ३९९ मध्ये दिलेलं विष, हेमलॉक, तेही याच घरातलं, म्हणून रानातली अनोळखी छत्री तोंडात घालायची नाही हे मी दोनदा बजावलं.

निघताना दादा म्हणाले, चार वाफे ठेवतो धन्याला. बाकीच्यावर संध्याकाळी रोटर फिरला, ते मला अजून लागतं.

एप्रिलमध्ये ती मुलगी कागदात धने घेऊन आली. मी तिलाच पुढं बोलावलं, तिनं एक दाणा बोटांत दाबला, त्याच्या दोन फाका झाल्या आणि त्या तिनं लेन्सखाली ठेवल्या.