जुन्नर ते नाणेघाट, पळत

"पुण्यातले रस्ते संपले का?" हा मामाचा पहिला प्रश्न.

जुन्नर माझं आजोळ. लहानपणापासून दिवाळी आणि मे महिना तिथंच गेला. पळायला मात्र चाळिशीनंतर लागले, आणि तीन वर्षांपूर्वी दिवाळीला जाताना पिशवीत बूट टाकले. पहाटे पाचला नाडी बांधून दार उघडते तर मामा ओट्यावर उभा. म्हणाला, "वाघ आहे." बाकी काही बोलला नाही. परत आत येऊन चहा पीत उजाडायची वाट बघत बसले.

तिकडे बिबट्याला वाघच म्हणतात. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि बिबट्या उसातच नांदायला लागला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते काही उगाच नाही. त्यामुळे माझ्या पळण्याचे मार्ग नकाशानं नाही, उसानं ठरवले. सूर्य नीट वर आल्याशिवाय निघायचं नाही. उसाच्या कडेनं कानात काही घालायचं नाही. नाडी सुटली तरी तिथं वाकायचं नाही, मोकळ्या रानात येऊन बांधायची, कारण वाकलेलं माणूस बिबट्याला शेळीएवढं दिसतं. ऊसतोड चालू असेल तर त्या बाजूला फिरकायचंच नाही, कारण फड तुटला की आतलं जनावर सैरभैर होतं. पहिले काही दिवस मामा स्प्लेंडरवर मागून यायचा, मोबाइलवर मोठ्या आवाजात कीर्तन लावून. आवाज असला की वाघ लांब राहतो म्हणे. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर मी इतकी संथ धावले की घड्याळानं दोनदा विचारलं, व्यायाम थांबवायचा का?

पहिला मार्ग लेण्याद्रीचा. गावातून निघायचं, कुकडी ओलांडायची, गोळेगावपर्यंत पाचेक किलोमीटर आणि मग तीनशेच्या आसपास पायऱ्या. लोक गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन उतरतात. शेजारचं सहा नंबरचं लेणं म्हणजे चैत्यगृह, बौद्धांचं प्रार्थनागृह, तिथं थांबणारे थोडे. त्यावर ब्राह्मीत एक ओळ कोरली आहे: हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त याचं दान. लहानपणापासून इतक्या वेळा तिथं गेले, पण ही ओळ कधी मनात शिरली नव्हती. पायऱ्या चढून धापा टाकत उभी होते, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कल्याणचा माणूस इथवर आला कुठून? (उत्तर मिळायच्या आत माकडानं खजुराची पुडी पळवली. लेण्याद्रीला खायचं काही हातात धरू नये.) आणखी एक, पायऱ्या चढताना फुशारकी चालते, उतरताना गुडघे हिशेब मागतात. मी आता उतरताना चालते.

दुसरा मार्ग तुळजा लेण्यांचा, पाडळीच्या अंगानं. जायला-यायला दहा किलोमीटरच्या आत बसतो आणि बराचसा पाणंदीतून जातो. कुत्र्यांची दोन घरं सोडली तर त्रास नाही. इथलं चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. असं गोल चैत्यगृह सहसा बघायला मिळत नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेच्या वर लेणी आहेत, पण मला कुणी एकच दाखव म्हटलं तर मी हे दाखवीन. घाम निथळत असताना आत गेलं की गारवा पाठीवर बसतो. खांबांभोवती दोन फेऱ्या मारते, पळत नाही, चालत.

शिवनेरीवर शिवाईचं दर्शन घ्यायला जाते, तिथं पळत नाही. गडाच्या पोटातही लेणी आहेत आणि त्यातल्या एका लेखानं माझं डोकं धरून ठेवलं. इरिल नावाच्या यवनानं (तेव्हा यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परदेशी) तिथं पाण्याची दोन टाकी दान दिली. मूळ शब्द 'बे पोढियो' असे आहेत. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं आणि बे म्हणजे आपलं 'बे एके बे' मधलंच बे! समुद्रापलीकडून आलेला कुणी माणूस या डोंगरात पाणी देऊन गेला, आणि तो आकडा मला पाढ्यातून पाठ होता.

तोवर सुलसदत्ताच्या प्रश्नाचं उत्तरही जुळत आलं होतं. कल्याण, सोपारा ही तेव्हाची बंदरं. तिथला माल सह्याद्री चढून यायचा तो नाणेघाटातून, आणि घाट चढला की मोठा बाजार जुन्नरचा. गाडीनं गेलं की लेण्याद्री एक ठिकाण, तुळजा दुसरं, नाणेघाट तिसरं, प्रत्येकाचं पार्किंग वेगळं. पळायला लागल्यावर मला ही सगळी एका दोरीत ओवलेली दिसायला लागली. ती दोरी एकदा पायांनी मोजायची असं ठरवलं. घरातून घाटापर्यंत तेहतीस किलोमीटर.

पहिला प्रयत्न मार्चमध्ये केला, म्हणजे मूर्खपणाच. उजाडल्यावरच निघायचं असल्यामुळे नऊ वाजताच ऊन तापलं. आपटाळ्यापर्यंत मजेत होते. आपटाळ्याच्या पुढं ऊस कमी होतो, भातखाचरं सुरू होतात, आणि मार्चमध्ये ती खाचरं भेगाळलेली, झाडाची सावली कुठं धड नाही. चावंड किल्ला दिसत राहतो आणि जवळच येत नाही. माझ्याजवळ एक लिटर पाणी होतं, ते तिथंच संपलं. पूरच्या अलीकडे एका घरापुढं आजी बाळहिरडा वाळत घालत होत्या. अंगणभर हिरवट काळी फळं, त्यांचा तुरट वास. मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुणी मागं लागलंय का गं तुझ्या?"

कुकडेश्वराच्या देवळापर्यंत चालत गेले. कुकडीचा उगम इथला मानतात. देवळाच्या दगडी कोरीवकामाकडं बघायचं त्राण नव्हतं, पोटऱ्यांत गोळे आले होते, भिंतीला पाठ लावून बसून राहिले. परतीला वडाप मिळालं, त्यात पुढच्या सीटवर हिरड्याचं पोतं आणि मागच्या सीटवर मी. घरी मामी काही बोलली नाही, फक्त मीठ-साखरेचं पाणी ठेवलं. मामा मात्र बोलला, बराच वेळ बोलला.

दुसरा प्रयत्न जानेवारीत. यावेळी मामाला आधीच सामील करून घेतलं. त्यानं पाण्याच्या दोन जागा मागून घेतल्या, एक आपटाळ्याला आणि एक कुकडेश्वराला. मी त्याला म्हटलं, बे पोढियो. त्याला काही कळलं नाही, पण हो म्हणाला. खिशात गूळ-शेंगदाणे आणि मामीनं मीठ लावून दिलेल्या आवळ्याच्या फोडी. पळणारे खातात त्या बाजारातल्या गोड एनर्जी जेलपेक्षा आवळा केव्हाही बरा, हे माझं ठाम मत.

सव्वासातला निघाले. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू. चढ आला की चालायचं, लाज बाळगायची नाही. कुकडेश्वराला मामा देवळापुढं बादली-मग घेऊन बसला होता. यावेळी देऊळही नीट बघितलं. घाटघरच्या अलीकडे पाय जड झाले, तेव्हा जीवधन किल्ला समोर उभा राहिला आणि वारं सुटलं. कोकणातून येणारं ते वारं तोंडावर आलं की कडा जवळ आला हे कळतं. शेवटचे तीन किलोमीटर मी कसे पळाले ते मला नीट सांगता येणार नाही. एकूण चार तास पन्नास मिनिटं, थांबे धरून.

माथ्यावर तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. मामा म्हणाला, "टाक काहीतरी, रिकाम्या हातानं जाऊ नये." एक आवळ्याची फोड उरली होती, ती त्यानंच खाल्ली. मग खिंडीतून थोडं खाली उतरून लेण्यात गेलो. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख डाव्या-उजव्या भिंतींवर आहे, बराच झिजलेला. यज्ञात दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी, सगळ्यांचे आकडे त्यात कोरले आहेत. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या अंकलेखनात हे आकडे मोजतात. मी मोबाइलवर अंकांचा तक्ता घेऊन गेले होते. अर्धा तास भिंतीसमोर उभी राहिले, दोन चिन्हं ओळखीची वाटली, त्यातल्या एकाबद्दल अजून शंका आहे. मामा बाहेर दगडावर बसून कोकणाकडं बघत होता.

तिथून पायवाट खाली वैशाखऱ्याला उतरते, आणि पुढं मुरबाडवरून कल्याण. वर येताना मी मामाला म्हटलं, पुढच्या वर्षी खालून सुरुवात करू, कल्याणहून.

"कल्याणात आपलं कोण आहे?" मामा म्हणाला, आणि गाडीला किक मारली.